समुद्रकाठचा निकाह आणि नवरीचा जोडा



लग्नाचा हंगाम जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत कपड्यांचा विषय हमखास असतो. अलीकडे त्यात एक नवा शब्द वाढला आहे : डेस्टिनेशन वेडिंग. म्हणजे लग्न ना मुलीच्या गावी, ना मुलाच्या. दोन्ही घरांनी तिसऱ्याच ठिकाणी, बहुतेक वेळा गोव्याला समुद्रकाठी जायचे, दोन-तीन दिवस तिथेच राहायचे आणि मेंदीपासून वलीम्यापर्यंत सगळे एका जागी करायचे. आखातात नोकरी करणाऱ्या मुलांना रजा मोजकीच मिळते, त्यामुळे ही पद्धत आपल्याही घरांत शिरली आहे. ती चांगली की वाईट, हा वाद आज नको. ज्या घराचे ठरून गेले आहे, त्या घरातल्या आईपुढे आत्ता कपड्यांचा प्रश्न आहे, आणि तो सोपा नाही.

चिपळूणकडच्या एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांच्या मुलीचा निकाह डिसेंबरात दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टवर आहे. शुक्रवारी सकाळी हळद, रात्री मेंदी, शनिवारी असरनंतर निकाह आणि रविवारी वलीमा. मुलाकडचे सोलापूरचे, मुलगा दुबईला. जागेचा खर्च मुलाकडचे करणार आहेत. वलीम्याचा जोडाही त्यांच्याकडून येईल. बाकी कपडे मुलीच्या घरचे. त्यासाठी या भगिनीने १,७५,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. मुंबईतल्या दुकानात त्यांना चार जोडे सुचवले गेले : हळदीचा, मेंदीचा, निकाहचा आणि चौथा 'बीच लुक', म्हणजे वाळूत उभे राहून फोटो काढण्यासाठी. पहिल्या तिघांतच पैसे संपतात. चौथा ४८,००० रुपयांचा आहे. त्यासाठी हातातल्या दोन बांगड्या मोडाव्यात का, असे त्या विचारतात. शेवटी एक ओळ आहे : मुलगी काहीच बोलत नाही, 'तुम्ही ठरवाल ते' म्हणते.

आमचे उत्तर आधीच देऊन टाकतो. बांगड्या मोडू नका. पण नुसते 'नको' म्हणून भागत नाही. तीन जोडे कसे निवडले म्हणजे चौथ्याची गरज उरत नाही, ते आता सविस्तर पाहू.

आधी समुद्र, मग दुकान

आपण कपडे दुकानात निवडतो. तिथे थंड हवा असते, पांढरे दिवे असतात, आणि मुलगी आरशासमोर पाच मिनिटे उभी राहते. समुद्रकाठी यातले काहीच नसते. म्हणून दुकानात जाण्याआधी त्या दिवसाची वेळ, वारा आणि जागा कागदावर लिहून काढावी.

शाळेच्या भूगोलात आम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकवतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा फिरतो. तो मतलई. खारा वारा दुपारी जोर धरतो आणि सूर्य मावळताना मंदावतो. याचा अर्थ असा की असरनंतरचा निकाह ऐन वाऱ्यात होतो आणि रात्रीची मेंदी त्या मानाने शांत हवेत. एकच हलकी ओढणी दोन्ही वेळांना सारखी वागणार नाही.

वेळेची आणखी एक गोष्ट. कोकणातली बहुतेक घरे शाफई, तर देशावरची हनफी. शाफई हिशेबाने असर लवकर लागते, हनफी हिशेबाने उशिरा. पत्रिकेत नुसते 'असरनंतर' छापले, तर एका घराच्या मनात चार वाजलेले असतात आणि दुसऱ्याच्या मनात पाच. डिसेंबरात गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे हा एक तास फार महत्त्वाचा आहे. चारला ऊन डोक्यावर येईल आणि वारा भरपूर असेल. पाचला ऊन उतरलेले असेल, पण मगरिब तोंडावर असेल. घड्याळातली वेळ दोन्ही घरांनी बोलून ठरवावी आणि मगच जोडा ठरवावा.

डिसेंबर म्हणजे थंडी, असेही समजू नये. गोव्यात या महिन्यातही दुपारचे तापमान ३० अंशांच्या वर जाते आणि हवेत दमटपणा असतो. घाम येतो पण वाळत नाही. उलट रात्री हिरवळीवर दव पडते आणि जमिनीला टेकणारा घेर ओला होतो. तापमान पुण्या-नाशिकच्या थंडीच्या अंदाजाने धरले, तर मखमलीचा जोडा घेतला जातो आणि मुलगी दोन तास भट्टीत बसल्यासारखी बसते.

कापड बोलते, ते ऐकावे

दमट हवेत अंगाला लागणारे कापड घाम शोषणारे हवे. वरचे कापड कितीही भारी असो, आतले अस्तर मऊ सुती मलमलीचे लावून घ्यावे. तयार जोड्यांत बहुधा पॉलिस्टरचे अस्तर असते. ते घाम शोषत नाही आणि चालताना पायांना चिकटते. शिंप्याला सांगून ते बदलता येते, आणि एवढ्या एका बदलाने निम्मा त्रास संपतो. लहंग्याचा घेर फुगवण्यासाठी आत कडक जाळीचे थर घालतात, त्याला कॅनकॅन म्हणतात. समुद्रकाठी त्याचे काम नाही. वारा आत शिरला की घेर छत्रीसारखा उलटतो. तो काढून टाकावा.

चंदेरी आणि माहेश्वरी ही मध्य प्रदेशातली दोन्ही कापडे सूत आणि रेशीम मिळून विणली जातात. वजनाला हलकी, दिसायला सणासुदीची. मेंदीच्या कुर्त्याला यांच्यासारखे दुसरे कापड नाही.

मशरू हे कापड मात्र आपल्या घरांनी विसरू नये. गुजरातेत पाटण आणि मांडवीला ते विणत आले आहेत. 'मशरू' या अरबी शब्दाचा अर्थच 'शरीअतने परवानगी दिलेले'. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरांनी अशी वीण काढली की रेशीम वरच्या बाजूला दिसावे आणि अंगाला सूतच लागावे. आज बाजारात मिळणाऱ्या मशरूत रेशमाच्या जागी बहुधा रेयॉन असते, पण आतले सूत तेच आहे. चमक बाहेर, गारवा आत. समुद्रकाठच्या गराऱ्याला किंवा शराऱ्याला याहून सोयीचे काय असेल? नवरदेवाच्या शेरवानीचा विचार चालू असेल, तर त्यांच्याही घरी हे सांगावे. आपल्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरूही सूत आणि रेशमाच्या मेळातूनच आलेला आहे. तो जरा जाड असतो, म्हणून अंगभर न वापरता जाकिटाला किंवा काठाला शोभतो.

जॉर्जेट आणि क्रेप चालतात, अंगाबरोबर पडतात. शिफॉन फार हलके, वाऱ्यात हाती लागत नाही. नेटची बारीक जाळी खुर्चीच्या खिळ्यात, बांगडीत, मुलांच्या बुटांत अडकते आणि एकदा उसवली की दुरुस्त होत नाही. ऑर्गन्झा आपला आकार धरून ठेवतो, पण टोचतो, म्हणून बाह्यांना अस्तर हवेच.

आता जर. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. तिच्या खालोखाल तांब्याच्या तारेची, तिला व्यापारी 'टेस्टेड' म्हणतात. तिसरी प्लास्टिकच्या चमकत्या फितीची. सुरत हे जरीचे मोठे ठिकाण, तिथे तिन्ही बनतात. चांदी हवेने काळवंडते, तांबे ओलाव्याने आणि मिठाने हिरवट होते. प्लास्टिकची जर मात्र खाऱ्या हवेत जशीच्या तशी राहते. म्हणून आईच्या किंवा नानीच्या खऱ्या जरीचा जुना शालू समुद्रावर न्यायचाच असेल, तर तो रात्री आतल्या दिवाणखान्यात वापरावा, पाण्याजवळ नव्हे. आणि दुकानदार 'प्योर जरी' म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर या एका लग्नासाठी तरी साधी जर घेण्यात कमीपणा नाही. उलट ती जास्त टिकेल.

निकाहचा जोडा : येथे हात आखडू नका

तिघांपैकी हा एकच जोडा असा आहे, ज्यावर मन मोकळे करून खर्च करावा. दुकानांत आठ-दहा किलोंचे लहंगे सहज दिसतात. मुलीने तो घालून दुकानातच दोनदा उठून-बसून पाहावे, जमिनीवर मांडी घालून पाहावी, एक जिना चढून पाहावा. हे जमले नाही तर तो जोडा तिचा नाही, किंमत कितीही असो.

लहंग्यापेक्षा शरारा समुद्रकाठी बरा. कमरेपासून सैल पडतो, दोन पायांत विभागलेला असल्याने वाऱ्याने वर उडत नाही. गरारा गुडघ्यापाशी चुण्या घालून जोडलेला असतो आणि खाली खूप पसरतो. तो देखणा, पण जमिनीवर लोळणारा घेर वाळू झाडत नेतो. गराराच हवा असेल तर घोट्याच्या वर दोन बोटे ठेवून शिवावा. खडा दुपट्टा ही हैदराबादची शान. सुमारे सहा वारांचा, अंगाभोवती पिनांनी बसवलेला. तो बसवायला जाणते हात लागतात. बसवणारी फुफी किंवा खाला गोव्याला येणार असेल तरच तो घ्यावा, नाहीतर ऐन वेळी रडारड होते.

दुपट्ट्याबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण वाऱ्याशी खरी गाठ त्याचीच आहे. डोक्यावरचा दुपट्टा हलका असला तरी चारही काठांना गोटा, किरण किंवा जड लेस लावून घ्यावी. काठाचे वजन त्याला खाली धरून ठेवते. डोक्याखाली सुती टोपी किंवा अंतर्पट्टी असेल तर पिना केसांत न घालता तिच्यात घालता येतात. मग दुपट्टा सरकत नाही आणि डोके दुखत नाही. दोन दुपट्टे घेण्याची रीत चांगली आहे : एक डोक्यावर, एक छातीवरून खांद्याला पिनेने पक्का केलेला.

आणि एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. सूर्य मावळतीला असताना फोटोवाला नवरीला समुद्राकडे पाठ करून उभी करतो. मागून प्रकाश आला की पातळ कापडातून पायांचा, कमरेचा आकार स्पष्ट दिसतो. समोरच्या माणसाला दिसला नाही, तरी फोटोत दिसतो, आणि तो फोटो मग सगळ्या खानदानात फिरतो. म्हणून जोडा घरी आला की मुलीला दारात, बाहेरच्या उजेडाकडे पाठ करून उभे करावे आणि आतून आईने पाहावे. शंका आली तर अस्तर घोट्यापर्यंत आणि बाह्यांत मनगटापर्यंत वाढवून घ्यावे. शे-दोनशे रुपयांचे कापड आणि शिंप्याची एक दुपार, एवढेच.

रंगाची पारखही अशीच. दुकानातल्या दिव्याखाली लाल वाटणारा रंग उन्हात कधी केशरी, कधी जांभळट निघतो. कापड घेऊन दुकानाच्या दाराशी, शक्य तर सायंकाळी पाचच्या सुमारास यावे. आपला निकाह ज्या उजेडात आहे, त्याच उजेडात रंग पाहावा. उन्हात चकाकणारे आरसे आणि मोठ्या टिकल्या डोळ्यांना त्रास देतात. रेशमाच्या दोऱ्याचे भरतकाम त्या प्रकाशात फार सुंदर दिसते, आणि वजनही कमी.

नवरीची नमाज हा विषय कपड्यांच्या चर्चेत क्वचितच येतो. तिला दुपारी तीनला सजवून बसवतात, आणि असर, मगरिब, इशा अशा तिन्ही वेळा निघून जातात. कारण विचारले तर 'जोड्यात कशी उठणार?' हे उत्तर. जोडा शिवतानाच याची सोय करता येते. बाहीला मनगटापासून कोपरापर्यंत बारीक चेन किंवा बटणे ठेवली तर वजू करता येते. शरारा सैल असेल तर सजदा करता येतो. मेंदीचा रंग वजूला आड येत नाही, नेलपॉलिशचा थर येतो, म्हणून ते न लावलेले बरे. वजू करूनच सजायला बसावे. आणि फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवावे की सूर्य बुडण्याआधी पंधरा मिनिटे काम थांबेल. त्याला हवा असलेला सोनेरी उजेड तोपर्यंत मिळून गेलेला असतो.

पायांत उंच टाचेचे काही नको. टाच वाळूत आणि ओल्या हिरवळीतही रुतते. सपाट मोजडी किंवा जाड सलग तळव्याची चप्पल घ्यावी. चामड्याला समुद्राचे पाणी सोसत नाही, म्हणून वाळूत जायचे झाल्यास साधी कापडी चप्पल वेगळी ठेवावी. आणि शराऱ्याची उंची त्याच चपलेवर उभे राहून मोजावी.

हळद आणि मेंदी : पुन्हा घालता येईल असे

हळदीचा जोडा साधा सुती पिवळा, बस्स. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे मुले शाळेत प्रयोगातच पाहतात. तो उन्हात पडून राहिला की हळूहळू उडतो, पण भरतकाम केलेल्या कापडाला असे दिवसेंदिवस उन्हात घालता येत नाही. त्यामुळे या कार्यक्रमाला महागडे कापड नेणे म्हणजे ते तिथेच सोडून येणे. मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये मीटरवर सुती कापड घेऊन गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घ्यावे. सोलापूर, नागपूर, मालेगाव, कोल्हापूर, कुठेही हे होते.

मेंदीच्या कपड्यात बाह्या महत्त्वाच्या. मेंदी काढताना आणि ती वाळेपर्यंत तासन्‌तास हात पुढे धरून बसायचे असते. कोपराखाली सैल पडणारी आणि वर सरकवली तर तिथेच थांबणारी बाही हवी. समोर बटणे असलेला कुर्ता हवा, कारण ओल्या मेंदीच्या हातांनी डोक्यावरून कपडा काढता येत नाही. ओढणी शिवूनच एका खांद्याला लावली तर ती सावरावी लागत नाही. हा जोडा असा निवडावा की चौथीला, पुढच्या ईदला, नणंदेच्या लग्नाला पुन्हा घालता येईल.

चौथ्या जोड्याचे काय?

वाळूतला फोटो हवाच असेल, तर हा मेंदीचाच चंदेरी कुर्ता-शरारा घालून दुसऱ्या दिवशी सकाळी काढता येतो. सकाळी वारा कमी, ऊन कोवळे आणि गर्दीही नसते. त्या फोटोसाठी वेगळा जोडा लागतो, ही दुकानाची गरज आहे, मुलीची नव्हे.

दुसरी गोष्ट, समुद्रकिनारा रिसॉर्टचा नसतो. रिसॉर्टची हद्द बागेच्या कुंपणाशी संपते, पुढची वाळू सर्वांची. तिथे फिरायला आलेले पर्यटक असतील, त्यांच्या हातात मोबाइल असतील. आपली मुलगी पर्दा पाळत असेल किंवा नुसती लाजाळू असेल, तरी अनोळखी मोबाइलमध्ये नवरीचा फोटो जाणे कोणाला आवडेल? आणि निकाहसाठी नवरीने वाळूत मंडपाखाली बसायलाच हवे, असेही नाही. वकील आणि दोन गवाह तिच्या खोलीत जाऊन तिची रजामंदी घेतात, मग काझी पुढचे पढवतात. ही आपली जुनी रीत समुद्रकाठीही तशीच चालते. बाहेरची मजलिस बाहेर, नवरी आत खिडकीपाशी, समुद्र तिलाही दिसतो. बागेत बसवायचे असेल तर तीन बाजूंनी कनात लावून घ्यावी. वाराही अडतो आणि नजरही.

आता हिशेब मांडू

निकाहच्या जोड्याला ७०,००० रुपये. मेंदीला ८,०००. हळदीला २,५००. अस्तर, पिना, चपला, शिंप्याची दुरुस्ती, इस्त्री यांना ६,०००. एकूण ८६,५००. बाजूला ठेवलेल्या १,७५,००० पैकी ८८,५०० शिल्लक राहतात, आणि बांगड्या हातातच.

या भगिनीच्या पत्रात आणखी एक वाक्य होते, सहज लिहिलेले : 'गावची मंडळी एवढ्या लांब येणार नाहीत, मोजक्याच माणसांत करतोय.' आम्ही तिथे थांबलो. गावची मंडळी का येणार नाहीत? चिपळूणहून मडगावला कोकण रेल्वे थेट जाते. अडचण लांबीची नाही, पैशाची आहे आणि संकोचाची आहे. ज्या खालाने या मुलीला अंगाखांद्यावर खेळवले, तिला रिसॉर्टच्या खोलीचे भाडे ऐकूनच 'गुडघे दुखतात' म्हणावे लागते. चौथ्या जोड्याच्या ४८,००० रुपयांत अशा आठ-दहा माणसांची आगगाडीची तिकिटे आणि मडगावात साध्या लॉजच्या दोन-तीन खोल्या निघतात. फोटोत जोडा एक कमी दिसेल आणि माणसे दहा जास्त.

सूरह आराफच्या एकतिसाव्या आयतीत झीनत करण्याची सूचना आणि इसराफची मनाई या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. नटणे हे उधळपट्टीच्या उलट नाही, फक्त त्याला हद्द आहे. ती हद्द आकड्यांत कोणी सांगू शकत नाही. पण आईच्या हातातले सोने मोडून एका तासाच्या फोटोसाठी कपडा घेणे त्या हद्दीच्या पलीकडे आहे, एवढे आम्हाला दिसते.

पैसे आणखी वाचवायचे असतील तर घरातल्या पेट्या उघडाव्यात. आईचा बनारसी शालू थोडा विरला असला तरी त्याच्या चांगल्या भागातून कुर्ता किंवा दुपट्ट्याचे काठ सहज निघतात. बहिणीचा जोडा कमरेत दोन इंच वाढवून घालण्यात लाज नाही. मोठ्या शहरांत नवरीचे जोडे भाड्यानेही मिळतात. मात्र भाड्याचा जोडा समुद्रावर नेणार असल्याचे आधी सांगावे, नाहीतर वाळू आणि डागांवरून अनामत रक्कम अडकते.

नेताना आणि परतल्यावर

जोडा पंधरा दिवस आधी घरी आलेला असावा. शिलाईच्या आत दोन इंच कापड सोडलेले असावे, कारण लग्नाच्या धावपळीत मुली बारीक होतात. विमानाने जाणार असाल तर निकाहचा जोडा हातातल्या पिशवीत ठेवावा. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला साधारण ७ किलोंची मर्यादा असते. हलका जोडा निवडण्याचे हेही एक कारण. मोठ्या बॅगा चुकून दुसरीकडे गेल्या तरी निकाह अडत नाही.

जरीचा कपडा प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नये, ओलावा आत कोंडतो. जुन्या सुती ओढणीत गुंडाळावा, घड्यांत मऊ कापड घालावे. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. अत्तर कपड्यावर न शिंपडता मनगटाला, मानेला लावावे, कापडावर त्याचा तेलकट डाग राहतो. सुई, त्याच रंगाचा दोरा, हुक, वीस-पंचवीस सेफ्टी पिना आणि छोटी कात्री अशी डबी मावशीच्या पर्समध्ये असावी. ती डबी किती लग्ने वाचवते, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक.

कपड्याला वाळू लागली तर ओली असताना चोळू नये. वाळू द्यावी, मग हलक्या हाताने झटकावी. परत आल्यावर जोडा उलटा करून सावलीत एक दिवस वाऱ्यावर टांगावा, मग धुलाईला द्यावा. खारे पाणी लागलेला भाग दाखवून सांगावे. तसाच घडी करून ठेवला तर मीठ हवेतला ओलावा ओढत राहते आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशी धरते.

मुलीला विचारा

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. 'मुलगी काहीच बोलत नाही.' निकाहात तिची रजामंदी घेतल्याशिवाय पुढे काही होत नाही. दोन गवाह उभे राहतात ते तिचा शब्द ऐकण्यासाठी. मग जो जोडा तिला दिवसभर अंगावर वागवायचा आहे, त्याबद्दल तिचा शब्द कोणी घ्यायचा?

शाळेत आम्ही पाहतो, वर्गासमोर विचारले तर मुलगी गप्प राहते, वही तपासताना हळूच विचारले तर सगळे सांगते. दुकानात सासू, नणंद, आई, दुकानदार असे चौघे समोर असताना ती काय बोलणार? घरी, रात्री, आईने एकटीने विचारावे. 'तुला काय आवडते?' असे विचारले तर ती पुन्हा 'तुम्ही ठरवा' म्हणेल. त्याऐवजी नेमके विचारावे. बेटा, पूर्ण बाही हवी की नको? डोक्यावरचे वजन किती झेपेल? वाळूत फोटो काढायला मनापासून आवडेल, की सगळे म्हणतात म्हणून? दोन जोड्यांपैकी एकच घ्यायचा झाला तर कोणता सोडशील? या चार प्रश्नांत ती बोलू लागेल. तिने 'मला चौथा जोडा हवाच' म्हटले, तर आपल्या घरचा हिशेब तिच्यापुढे ठेवावा, बांगड्यांसकट. वीस-बावीस वर्षांची मुलगी हिशेब समजते. तिच्यापासून तो लपवणे हाच तिच्यावर अविश्वास आहे.

आणि सासरकडून येणाऱ्या वलीम्याच्या जोड्याबद्दलही मोकळेपणाने कळवावे : माप हे, बाही अशी, वजन एवढे. यात उद्धटपणा काही नाही. देणाऱ्यालाही वाटते की दिलेला कपडा घातला जावा. मुलाच्या अम्मीला आईने स्वतः फोन करून सांगितले, तर दोन घरांतले पहिले मोकळे बोलणे कपड्यांच्या निमित्ताने होऊन जाईल.

अल्लाह या मुलीचा निकाह मुबारक करो, दोन्ही घरांत मोहब्बत आणि बरकत देवो. आमीन.